कागदाचे पंख, लाकडाचे पंख
हवाई छात्रसैनिकांच्या छंदांचा इतिहास

मुलाने अभ्यासाचे पुस्तक बाजूला सारून बांबूच्या कामट्या तासायला घेतल्या, खळ आणि पातळ कागद मांडून काही तरी उडते यंत्र जुळवायला सुरुवात केली, की घरातील वडीलधाऱ्या माणसांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: "याने पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात एका माणसाच्या कमाईवर सहा-सात तोंडे अवलंबून असतात, त्या घराला असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु विमानविद्येचा इतिहास चाळून पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे देता येत नाही. शाळकरी मुलांनी लाकूड, कागद आणि रबर घेऊन केलेल्या खटाटोपांना या इतिहासात चांगले मानाचे पान आहे. पुढे देशोदेशींच्या हवाई छात्रसेनांनी त्याच खटाटोपांना शिस्त लावली आणि त्यातून हुन्नर घडविले. त्याची हकीकत पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावी म्हणून हा लेख.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने एक लहानसे विमान उडवून दाखविले. त्यात माणूस नव्हता, इंजिन नव्हते. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर मागचा पंखा फिरत होता. ते अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. आज हे खेळण्यासारखे वाटेल. पण मागे लहान शेपटी ठेवली म्हणजे विमान आपला तोल आपणच सांभाळते, हे त्या खेळण्याने जगाला प्रथम नीट दाखविले. योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत ऑर्व्हिल राईटचा जन्म झाला. पुढे १८७८ साली राईट बंधूंच्या वडिलांनी प्रवासातून मुलांसाठी एक उडते खेळणे आणले. तेही पेनोच्याच कल्पनेवर केलेले, बांबू, बूच, कागद आणि रबराचे. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. खेळणे लवकरच मोडले, तेव्हा मुलांनी तसलीच नवी खेळणी स्वतःच्या हातांनी करून पाहिली. १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्यांनी इंजिनाच्या विमानातून पहिले उड्डाण केले ते हेच दोघे. पेशाने ते सायकली बनविणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सांगितली पाहिजे.

या छंदाला पहिले संघटित रूप जर्मनीत आले. पहिल्या महायुद्धात हार झाल्यावर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवण्याची बंदी केली आणि इंजिनाची विमाने बांधण्यावरही निर्बंध आले. पण बिनइंजिनाच्या विमानाचा, म्हणजे ग्लायडरचा, विचार तहात कोणी केला नव्हता. १९२० सालापासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर तरुण मंडळी दर उन्हाळ्यात जमू लागली. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः ग्लायडर बांधीत, डोंगरावरून उडवीत, आपटले की पुन्हा दुरुस्त करीत. सुरुवातीला उड्डाणे मिनिटांत मोजली जात. १९२२ साली हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या 'व्हँपायर' या ग्लायडरने एक तासाहून अधिक काळ हवेत राहून सर्वांना थक्क केले. डोंगरउतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घारीसारखे तरंगत राहता येते, हे त्यातून सिद्ध झाले. हे ज्ञान कोणा सेनापतीने दिलेले नव्हते. विद्यार्थ्यांनी ते स्वतः कमावले होते.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या हौशी मंडळ्यांवर सरकारचा हात पडला. लहान मुलांनी मॉडेल करायची, थोड्या मोठ्यांनी ग्लायडर चालवायचे आणि अठराव्या वर्षी थेट हवाई दलात जायचे, अशी साखळी नाझी राजवटीने तयार केली. १९३५ मध्ये जर्मनीने आपले हवाई दल उघडपणे जाहीर केले, तेव्हा डोंगरावर वाऱ्याशी खेळायला शिकलेली पोरे त्याला आयती मिळाली. कामट्यांना आणि कागदाला पाप नसते. पण मुलांचा शौक कोण कोणत्या कामासाठी वापरतो, याकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष असावे लागते.

इंग्लंडमध्ये युद्धाचे ढग दिसू लागले तेव्हा तेथील एअर लीग या संस्थेचा चिटणीस, निवृत्त एअर कमोडोर चामिये, याने शाळकरी मुलांची संघटना उभारण्याचे मनावर घेतले. हा गृहस्थ सुरुवातीला हिंदुस्थानी लष्करात नोकरीला होता. जुलै १९३८ मध्ये त्याने 'एअर डिफेन्स कॅडेट कोअर' स्थापन केली. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची दोनशे पथके व वीस हजार छात्रसैनिक असा त्याचा संकल्प होता. सरकारी तिजोरीतून फारसे काही मिळत नव्हते, तेव्हा गावोगावच्या लोकांनी पदरमोड करून पथके चालविली. युद्ध सुरू झाल्यावर ही मुले विमानतळांवर निरोप पोचविणे, वाळूची पोती भरणे, गोळ्यांचे पट्टे जुळविणे, विमाने ढकलून जागेवर नेणे असली कामे करू लागली. पोरांचा उपयोग होतो हे पाहून सरकारचे डोळे उघडले. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी जुन्या संघटनेच्या जागी 'एअर ट्रेनिंग कोअर' ही सरकारमान्य संघटना आली. पहिल्या महिन्यातच पथकांची संख्या दुपटीच्या घरात गेली, आणि वर्षभरात संघटना जुनीच्या सुमारे आठपट झाली.

या मुलांना शिकवायचे काय? उड्डाण शिकविण्याइतकी विमाने, पेट्रोल आणि शिक्षक कोठून आणणार? तेव्हा जमिनीवर बसून शिकता येतील अशी हुन्नरे निवडली गेली. विमान ओळखणे, मॉडेल करणे, नकाशा व दिशा, मोर्सचे तारायंत्र, इंजिनाची रचना, हवामान आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले गणित. त्यांतील विमान ओळखण्याच्या हुन्नराची कथा विशेष आहे, कारण तिच्यामागे एक दुःखद प्रसंग आहे.

युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी शत्रूची विमाने आल्याची चुकीची वर्दी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मिळाली. निरनिराळ्या तळांवरून लढाऊ विमाने आकाशात गेली. गोंधळ असा वाढत गेला की, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांच्याच दोन हरिकेन विमानांना जर्मन मेसरश्मिट समजून खाली पाडले. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक त्यात मारला गेला. त्या युद्धात प्राण गमावलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि तो आपल्याच माणसांच्या गोळीने गेला. त्या सकाळी आकाशात शत्रूचे एकही विमान नव्हते. 'बार्किंग क्रीकची लढाई' अशा उपरोधिक नावाने हा प्रसंग ओळखला जातो. केवळ नजरेची चूक हे त्याचे एकमेव कारण नव्हते. रडारच्या यंत्रणेतही घोटाळा झाला होता. पण आपले कोणते व परके कोणते हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण कोणालाच नीट दिलेले नाही, हे सर्वांना कळून चुकले.

त्यानंतर इंग्लंडमध्ये विमान ओळखण्याचे जणू वेडच लागले. जानेवारी १९४१ पासून केवळ याच विषयाला वाहिलेले 'द एअरोप्लेन स्पॉटर' हे पत्र निघू लागले. गावोगावी मंडळे निघाली. हवाई छात्रसैनिकांत तर या विद्येच्या चढाओढी लागत. भिंतीवर विमानाची काळी छायाकृती काही क्षण दाखवायची आणि लगेच झाकायची. मुलांनी नाव लिहायचे. स्पिटफायरचे पंख टोकाकडे निमुळते गोलाकार होत गेलेले. त्या काळच्या मेसरश्मिटचे पंख टोकाला चौकोनी कापल्यासारखे. हरिकेनची पाठ किंचित कुबड आल्यासारखी. स्टुकाचे पंख मोडलेल्या कोपरासारखे वाकलेले आणि चाके कायम खाली लोंबणारी. पतंगाच्या दिवसांत गल्लीतील मुले दूरवरच्या पतंगाकडे नुसते पाहून तो कोणाचा हे सांगतात. त्यांना ही विद्या शिकायला वेळ लागला नसता, असे मला वाटते.

पण कागदावरच्या छायाकृतीत एक उणीव होती. विमान आकाशात नेहमी बाजूने किंवा पोटाकडूनच दिसेल असे नाही. ते तिरके येते, वळते, समोरून येते. त्यासाठी हातात धरून फिरविता येईल असे घन मॉडेल पाहिजे. म्हणून लाकडाची मॉडेल आली. त्यांचे प्रमाण ठरले बहात्तरास एक, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते मॉडेलचा एक इंच. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच, तेव्हा मॉडेल सहा इंचांहून किंचित मोठे. हरिकेनचा ४० फूट, तेव्हा मॉडेल पावणेसात इंचांच्या थोडे आत. या प्रमाणाची खुबी विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावी. मॉडेल ३५ फुटांवर टांगले तर खरे विमान ३५ गुणिले ७२, म्हणजे २५२० फुटांवर जेवढे दिसेल तेवढेच ते दिसते. हे अंतर जवळजवळ अर्धा मैल झाले. शाळेच्या लांब वर्गाच्या एका टोकाला मॉडेल आणि दुसऱ्या टोकाला मुलगा बसवला की अर्ध्या मैलावरचे आकाश वर्गात आले! पण यात कामाची सफाईही आलीच. काचकागद एका जागी एक षोडशांश इंच जास्त घासला गेला तर खऱ्या विमानात ती साडेचार इंचांची चूक ठरते आणि पाहणाऱ्याची नजर चुकीचे शिकते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या नौदलाने १९४२ च्या सुरुवातीला हेच काम शाळांकडे सोपविले. पन्नास प्रकारच्या विमानांची प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख मॉडेल हवी होती. कारखाने युद्धसामग्रीत गुंतलेले होते, म्हणून नकाशे छापून देशभरच्या हायस्कुलांच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत पाठविण्यात आले. मुलांनी नकाशाबरहुकूम लाकूड कापावे, पुठ्ठ्याचा साचा लावून आकार तपासावा, काचकागदाने घासावे आणि शेवटी काळा रंग द्यावा. तपासणीत उतरलेली मॉडेलच स्वीकारली जात. ती करणाऱ्या मुलांना त्यांच्या कामगिरीप्रमाणे मानाच्या पदव्यांची प्रशस्तिपत्रके मिळत. ज्या मुलांना सुतारकामाचा तास म्हणजे अभ्यासातून सुटका वाटत असे, त्यांच्या हातची वस्तू पाहून आता नौदलाचे वैमानिक व तोफची शिकत होते.

मॉडेलसाठी सर्वांत सोयीचे लाकूड म्हणजे बाल्सा. दक्षिण अमेरिकेत, मुख्यत्वे इक्वेडोरमध्ये होणारे हे लाकूड वजनाला अगदी हलके असते व चाकूने सहज कापले जाते. पण युद्धात तेच मिळेनासे झाले, कारण प्राणरक्षक तराफ्यांसाठी आणि खऱ्या विमानांसाठी त्याची गरज पडली. होय, खऱ्या विमानांसाठी! २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेले 'मॉस्किटो' हे विमान जवळजवळ संपूर्ण लाकडी होते. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून त्याचे अंग बनवीत. ते आपल्या काळातील अत्यंत वेगवान विमानांपैकी एक ठरले. त्याचे भाग करायला टेबल-खुर्च्या, कपाटे आणि पियानो बनविणारे सुतार लागले, आणि इंग्लंडमधील फर्निचरचे कारखाने या कामाला जुंपले गेले. आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या लाकडाचे, लोखंडाचे काम करणारी घराणी कमी नाहीत. शिकलेला मुलगा रंधा हातात धरायला लाजू लागतो, तेव्हा या मॉस्किटोची गोष्ट त्याच्या कानावर घालण्यासारखी आहे.

दिशाशास्त्राचा धडा तर आजही कोणत्याही विद्यार्थ्याला कंपासपेटी घेऊन करता येईल. समजा, विमान ताशी १०० मैल वेगाने थेट उत्तरेकडे नाक करून निघाले आणि पश्चिमेकडून ताशी २० मैलांचा वारा वाहतो आहे. तासाभराने ते उत्तरेला १०० मैल गेले खरे, पण ठरल्या जागेच्या २० मैल पूर्वेला सरकलेले असेल. मग नाक किती डावीकडे वळवून ठेवावे? दहा मैलांना एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्यावे. एका बिंदूपासून पूर्वेकडे वाऱ्याची दोन सेंटिमीटरची रेघ काढावी. तिच्या शेवटाला कंपास टेकवून दहा सेंटिमीटरचा कंस घ्यावा आणि तो उत्तरेची रेघ कोठे छेदतो ते पाहावे. कोनमापक लावला की उत्तर येते, सुमारे साडेअकरा अंश. उत्तरेच्या रेघेची लांबी मोजली तर असेही दिसते की खरा वेग आता ताशी ९८ मैलच पडतो. याला वाऱ्याचा त्रिकोण म्हणतात. भूमिती कशासाठी शिकायची असे विचारणाऱ्या मुलांना छात्रसेनेच्या शिक्षकांनी हा त्रिकोण दाखवावा, बाकी काही सांगण्याची गरज नाही. मोर्सच्या लिपीतही एक गंमत होती. टिंबे आणि रेघा मोजत बसणारा मागे पडे. ज्याला प्रत्येक अक्षराचा ठेका कानाला ओळखू येई तो पुढे जाई. तालासुराचा कान असलेली मुले या तासाला चमकत.

प्रत्यक्ष उड्डाणाची हौस भागविण्यासाठी १९४२ च्या सुमारास ग्लायडरच्या शाळा सुरू झाल्या. आरंभीच्या ग्लायडरात जागा एकच असे. म्हणजे शिक्षक जमिनीवर आणि विद्यार्थी एकटा! काही ग्लायडर तर इतके साधे की, उघड्या सांगाड्यापुढच्या फळीवर बसायचे, पायांपुढे नुसती हवा. प्रथम फक्त जमिनीवरून घसरत जायचे आणि पंख समतोल ठेवायचे. ते जमले की थोडीशी उडी, मग जरा उंच उडी. तीस सेकंद नीट तरंगून सरळ उतरले की 'ए' दर्जाचे प्रमाणपत्र मिळे. त्या तीस सेकंदांसाठी मुले दिवसभर थंडीवाऱ्यात ग्लायडर ओढीत, दोर सोडवीत, फाटलेले कापड चिकटवीत उभी राहत. एकाच्या उड्डाणामागे दहा-बाराजणांची मेहनत असते, हे तेथे आपोआप कळे.

युद्ध संपेपर्यंत एअर ट्रेनिंग कोअरचे जवळजवळ एक लाख छात्रसैनिक ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले होते. त्यांत वैमानिक होते तसेच फिटर, तारायंत्री, शस्त्रे सांभाळणारे आणि कारकूनही होते. पण सर्वांचे मनोरथ पुरे झाले नाहीत. १९४४ पर्यंत वैमानिक गरजेपेक्षा जास्त झाले. आकाशाची स्वप्ने पाहत बोलावण्याची वाट बघत बसलेल्या कितीतरी तरुणांना पायदळात पाठविण्यात आले. डिसेंबर १९४३ पासून इंग्लंडमध्ये सोडत काढून दहातल्या एका भरतीयोग्य तरुणाला सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत धाडण्याची पद्धत सुरू झाली होती. त्या सोडतीत काही जुने छात्रसैनिकही सापडले. चार वर्षे आकाशाकडे पाहायला शिकलेला मुलगा भुयारात उतरला, ही थट्टा कठोर होती. त्या मुलांच्या आयांना काय वाटले असेल, हे आपल्याकडच्या आयांना सांगायला नको. मुलांना शिकविलेले हुन्नर मात्र सरकारला परत घेता येत नव्हते. नकाशा वाचता येणारा, नकाशाबरहुकूम वस्तू घडविता येणारा, इंजिन उघडून पुन्हा जुळविता येणारा माणूस युद्ध संपल्यावर सगळ्यांनाच हवा होता.

आता आपल्या देशाकडे वळू. विमानविद्येचे वेड आपल्याकडे उशिरा आले असे नाही. आगाखान यांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने विमान चालवीत येणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० च्या मे महिन्यात ते जिंकले अस्पी इंजिनिअर या सतरा वर्षांच्या पारशी मुलाने. वाटेत इजिप्तमध्ये तो स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. उलट दिशेने त्याच स्पर्धेत उडणारे जे. आर. डी. टाटा तेथे उतरले आणि त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांनी जिंकला. हाच मुलगा पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. सतरा वर्षे हे छात्रसैनिकाचे वय आहे, आणि शर्यतीचा निकाल एका प्लगवर ठरत होता, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९४८ साली कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन. सी. सी., जन्माला आली. १ एप्रिल १९५० रोजी तिचा हवाई विभाग सुरू झाला. आरंभी मुंबईत एक आणि कलकत्त्यात एक अशी दोनच हवाई पथके होती. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन. सी. सी. सक्तीची झाली, १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक झाली. सक्तीच्या काळात संख्या फुगली, गोडी मात्र वाढली नाही, असे त्या काळचे शिक्षक सांगतात. छंद हुकमाने लागत नाही.

हवाई विभागाच्या अभ्यासक्रमात उड्डाणाची तत्त्वे, दिशाशास्त्र, हवामान, इंजिन हे विषय आहेत आणि त्यांच्या जोडीला एअरोमॉडेलिंग आहे. त्यात तीन पायऱ्या असतात. पहिली म्हणजे न उडणारे शोभेचे पण मापात तंतोतंत असे मॉडेल. दुसरी म्हणजे दोन तारांना बांधलेले, आपल्याभोवती गोल फिरणारे मॉडेल. हातातील मुठीने त्याची शेपटी वरखाली करून ते चढवायचे व उतरवायचे असते. तिसरी म्हणजे रेडिओवर चालणारे. हवाई विभागाच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात या मॉडेलांच्या स्पर्धा होतात. खऱ्या उड्डाणासाठी आरंभी ग्लायडर होते. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंगचे केंद्र निघाले. आपल्याच नागरी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी 'रोहिणी' नावाचे ग्लायडर तयार केले, ते १९६१ मध्ये प्रथम उडाले. त्यात शिक्षक व शिष्य शेजारी-शेजारी बसत. त्यानंतर १९७९ मध्ये 'आर्द्रा' आले. नक्षत्रांची नावे देणाऱ्याला दाद दिली पाहिजे. पुढे ग्लायडर मागे पडले आणि त्यांच्या जागी छोटी मायक्रोलाईट विमाने आली.

वैमानिकाच्या निवडीतून बहुसंख्य मुले गळतात, छात्रसैनिक असले तरी गळतात, याची पालकांना धास्ती वाटते. येथे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. रामेश्वरमला त्यांच्या वडिलांनी यात्रेकरूंची ने-आण करण्यासाठी लाकडी नाव बांधायला घेतली, तेव्हा लहानगा कलाम ती फळीफळीने आकार घेताना पाहत बसे. मद्रासला विमानविद्येच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, पण सुमारे हजार रुपये हवे होते. बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. त्या संस्थेच्या आवारात दोन जुनी, निकामी विमाने ठेवलेली होती. इतर विद्यार्थी वसतिगृहाकडे गेले की कलाम त्यांच्याजवळ जाऊन बसत. १९५८ साली डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीसजणांत त्यांचा क्रमांक नववा आला, आणि जागा होत्या आठ. वैमानिक होण्याचे दार तेथे बंद झाले. पण विमान बांधण्याची विद्या हातात होती. १८ जुलै १९८० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या अग्निबाणाने जो उपग्रह आकाशात सोडला त्याचे नावही 'रोहिणी'च.

मुलींविषयी दोन शब्द. इंग्लंडच्या एअर ट्रेनिंग कोअरने १९८० च्या दशकापर्यंत मुलींना आत घेतले नव्हते. आपल्या एन. सी. सी.त मुलींचा विभाग १९४९ सालीच निघाला. भारतीय हवाई दलात वैमानिक म्हणून स्त्रियांची पहिली तुकडी १९९४ मध्ये आली, आणि जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. मुलीने कामट्या तासायला घेतल्या तर पालकांनी तिलाही तासू द्याव्यात.

ज्या विद्यार्थ्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी उगाच इंजिनाच्या मागे लागू नये. हातावरून फेकण्याचे साधे ग्लायडर करावे. एक हातभर लांबीचा पंख, बोटभर जाडीची हलकी काठी, मागे आडवी व उभी शेपटी, नाकाशी थोडी चिकणमाती, एवढे पुरे. सरस पूर्ण वाळू द्यावा. मग पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना, खालून एक-एक बोट टेकवून मॉडेल तोलून पाहावे. नाक खाली गेले तर माती थोडी काढावी, शेपटी खाली गेली तर थोडी घालावी. वारा नसलेल्या सकाळी, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून सरळ आणि हलकेच सोडावे, जोराने फेकू नये. ते वर चढून मध्येच थबकले आणि नाकावर आपटले तर समजावे की शेपटी अजून जड आहे.